फेरेटला लशीची रिअ‍ॅक्शन येते, मग टोचायची का नाही?

लस टोचल्यावर फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबुडका पाळीव प्राणी) उलट्या करून आडवं पडलं की पुढच्या वर्षी हात धजत नाही, साहजिक आहे. पण सगळंच बंद करण्याआधी डिस्टेंपरचा (कुत्र्यांकडूनही येणारा व्हायरसचा आजार) हिशोब वेगळा अन् रेबीजचा वेगळा धरा. मागच्या टायमाला दोन्ही एकाच दिवशी टोचल्या असतील तर कोणती बाधली तेच कळत नाही, म्हणून यापुढं मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

मग आठवा, नेमकं झालं काय होतं. दिवसभर सुस्त होतं, टोचल्याजागी छोटी गाठ आली, एवढंच असेल तर घाबरू नका. लाळ गळायली, पंजानं तोंड ओरबाडायलं, नाक-पंजे लालभडक, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली, उलटी, रक्ताचे जुलाब, नंतर हिरड्या पांढऱ्याफटक, ही खरी अ‍ॅलर्जी, अन् ती बहुतेकदा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते.

आता दुसरी बाजू. डिस्टेंपर झालेलं फेरेट जवळपास वाचतच नाही, औषधच नाही त्याला. "आमचं तर घराबाहेर जातच नाही" म्हणणाऱ्यांनी ओसरीत कोण झोपतंय ते बघावं, गल्लीतलं आजारी पिल्लू कुरवाळून तुम्ही तसेच घरात आलात तर कपड्या-चपलांवरून व्हायरस येऊ शकतो. चौथ्या मजल्यावर राहता, घरात कुत्रं नाही, फेरेट म्हातारं अन् आधी बरेच डोस झालेत, तर गोष्ट वेगळी, कारण डोस वाढत गेले तशी रिअ‍ॅक्शनची शक्यताही वाढते. तिथं अँटीबॉडी टायटर (आधीच्या लशीचं संरक्षण रक्तात किती उरलंय ते बघायची तपासणी) करून डोस लांबवायचा का हे डॉक्टरशी बोला. रेबीज मात्र मी तरी सहजासहजी सोडणार नाही, लक्षणं दिसल्यावर उपाय नाही अन् चावलं तर आपल्याही जिवाशी गाठ. मागची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतली असेल तर तो निर्णय डॉक्टरांचाच.

टोचायचं ठरलं तर बाटलीत काय आहे ते आधी विचारा. कुत्र्याची सात-नऊ आजारांची एकत्र लस (सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन) नको म्हणजे नकोच, काही जिवंत डिस्टेंपर लशींनी फेरेटला तोच आजार होऊ शकतो. रेबीजची लस मेलेल्या व्हायरसचीच हवी. तालुक्याच्या दवाखान्यात रोज बैल-म्हशीच येतात, त्यात त्यांची काही चूक नाही, पण आधी फोन करून अ‍ॅड्रेनालिन (जिवावर बेतलेल्या रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन) अन् ऑक्सिजन आहे का विचारा, नाहीतर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात चौकशी करा. टोचण्याच्या अर्धा तास आधी डॉक्टर अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन देतात, त्यानं धोका कमी होतो, संपत नाही. किलोभर वजनाचा जीव तो, घरची सर्दीची गोळी तुकडा करून देऊ नका बरं का!

अन् मे महिन्यात तर नेऊच नका. तिशीच्या वर पारा गेला की फेरेट धापा टाकायलं, मग ती उन्हाची झळ का लशीची रिअ‍ॅक्शन हे कुणी सांगावं? थंडीत सकाळी जा, टोचल्यावर तासभर दवाखान्यातच बसा, बॅगेत न ठेवता मांडीवर घ्या, हिरड्या बघत राहा. लशीचं स्टिकर बॅच नंबरसकट वहीत चिकटवा अन् खाली काय झालं, किती मिनिटांनी झालं ते लिहा, पुढच्या डॉक्टरला तेच लागतं.