हायड्रेंजिया: कात्री उचलण्याआधी पान बघा

न्यू जर्सीत किंवा इंग्लंडमध्ये घर घेतलं की आधीच्या मालकाने लावलेलं हायड्रेंजियाचं झुडूप अंगणात बऱ्याचदा आयतंच मिळतं. थंडीत त्याच्या नुसत्या काटक्या उरतात आणि बाग आवरायला हात शिवशिवतात. तिथेच घोळ होतो. पुढच्या उन्हाळ्यात पानं भरघोस, फूल एकही नाही.

आधी ओळख पटवा

पान जाड, तकतकीत, तळहाताएवढं, कडा करवती आणि फुलांचे चेंडू निळे किंवा गुलाबी असतील, तर तो जपानकडचा मॅक्रोफिला. चपटा गुच्छ, मध्ये मोहरीएवढ्या कळ्या आणि कडेने मोठी फुलं, हेही त्याचंच रूप. पानाला ओकसारख्या खोल खाचा असतील तर क्वेर्सिफोलिया. शंकूसारखा उभा गुच्छ, आधी पांढरा, मग गुलाबीकडे झुकणारा, तो पॅनिक्युलाटा. पातळ, बिनचकाकीची पानं आणि मोठे पांढरे चेंडू म्हणजे आर्बोरेसेन्स, 'अ‍ॅनाबेल' ही जात यातलीच.

मग छाटणी

पहिले दोन, म्हणजे मॅक्रोफिला आणि क्वेर्सिफोलिया, गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतात. पुढच्या फुलांचे डोळे उन्हाळा सरतानाच धरलेले असतात, म्हणून थंडीत कापलेली प्रत्येक फांदी म्हणजे गमावलेला गुच्छ. फुलं उतरली की लगेच, फार तर जुलैअखेरपर्यंत हलकी छाटणी करा. उरलेले दोन नव्या फुटीवर फुलतात. त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये बिनधास्त एक तृतीयांश कमी करा.

ओळख पटतच नसेल तर एक वर्ष फक्त वाळलेलं काढा. नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, तिला हात लावू नका.

ऊन-पाणी

सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. भर दुपारी पानं माना टाकतात, पण लगेच पाइप घेऊन धावू नका. बोट मातीत खुपसून बघा. ओल असेल तर संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. बुडाशी दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. घरात कुत्रं-मांजर असेल तर जपा, पानं आणि कळ्या विषारी असतात.

रंगाचा खेळ

हा खेळ मुख्यतः मॅक्रोफिलाचा, आणि पांढऱ्या जातींवर तो चालत नाही. मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 5.5 च्या खाली असला की झाडाला अ‍ॅल्युमिनियम मिळतं आणि फूल निळं होतं, 6.5 च्या वर गुलाबी. निळ्यासाठी अ‍ॅल्युमिनियम सल्फेट पाकिटावरच्या मापानेच द्या आणि जास्त फॉस्फरसचं खत टाळा, ते अ‍ॅल्युमिनियम अडकवून ठेवतं. रंग एका आठवड्यात बदलत नाही, एक हंगाम तरी धीर धरा.

महाराष्ट्रात महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेत हे झाड मजेत राहतं. पुण्यात ते कुंडीतच ठेवावं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये सावलीत सरकवता येतं. नर्सरीतून निळं आणलेलं झाड पुढच्या बहरात गुलाबी झालं तर विक्रेत्याशी भांडू नका. बोअरचं जड, क्षारांचं पाणी बहुधा अल्कधर्मी, म्हणजे जास्त सामूचं असतं, काळी मातीही तशीच. कुंडीत लाल माती, कोकोपीट आणि पानांचं खत भरा, आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी घाला.