पेंटेन किती? रचना समघटकता हातांनी शिकवताना

शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मी रचना समघटकता फळ्यावर शिकवली. व्याख्या सांगितली: रेणुसूत्र तेच, रचनासूत्र वेगळं. ब्युटेनचे (चार कार्बन) दोन आणि पेंटेनचे (पाच कार्बन) तीन समघटक काढून दाखवले. मुलांनी वहीत उतरवून घेतले, शंका कुणालाच नव्हती. पुढे चाचणीत ‘पेंटेनचे सर्व समघटक काढा’ असा प्रश्न आला आणि एका मुलीने सात काढले. सरळ साखळी, शेवट खाली वळलेली साखळी, शेवट वर वळलेली, नागमोडी. मग मिथिल गट, म्हणजे एका कार्बनची फांदी, एकदा डावीकडून दुसऱ्या कार्बनवर, एकदा उजवीकडून दुसऱ्यावर. आणि शेवटी निओपेंटेन, म्हणजे मधल्या एका कार्बनला बाकीचे चारही जोडलेले. व्याख्या तिला तोंडपाठ होती. कागदावर ती सातही चित्रं वेगळीच दिसत होती. त्यातला कोणता फरक मोजायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून हा धडा मी रेणूंच्या गोळे-काड्यांच्या मॉडेलवरच घेते. या विषयाला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी माझी पद्धत इथे लिहिते आहे.

सुरुवात पेंटेनपासून करू नका, डायक्लोरोमिथेनपासून करा. फळ्यावर एक कार्बन काढून त्याला दोन क्लोरीन आणि दोन हायड्रोजन जोडा. एकदा क्लोरीन शेजारी-शेजारी, एकदा समोरासमोर. ही दोन संयुगं आहेत की एक, असं विचारलं की बहुतेक वर्ग ‘दोन’ म्हणतो. मग मुलांच्या प्रत्येक जोडीला एक काळा गोळा (कार्बन), दोन हिरवे (क्लोरीन) आणि दोन पांढरे (हायड्रोजन) द्या. कार्बनची चार भोकं चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार कोपऱ्यांकडे रोखलेली असतात, कोणत्याही दोन बंधांमध्ये सुमारे १०९.५ अंशांचा कोन. त्यामुळे हिरवे गोळे कुठल्याही दोन भोकांत घाला, रेणू तोच येतो. पाच मिनिटांत फळ्यावरचा विश्वास थोडा डळमळतो, आणि तो डळमळायलाच हवा असतो.

याच वेळी मी एक जुनी हकिकत सांगते. रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात क्रोके या खेळाचे चेंडू आणि नळ्या जोडून रेणू दाखवले होते. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल ही आपल्या संचातली रंगांची ओळख तिथपर्यंत मागे जाते. पण त्यांच्या कार्बनचे चारही हात एकाच प्रतलात होते, अगदी आपल्या फळ्यावरच्या चित्रासारखे. चतुष्फलकाची कल्पना व्हॅन्ट हॉफ आणि ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे १८७४ मध्ये मांडली. मुलांना हे ऐकून धीर येतो. सपाट चित्रावर अडखळणारे आपण पहिले नाही, हे त्यांना कळतं.

आता पेंटेन. नाव सांगायचं नाही, चित्र दाखवायचं नाही. प्रत्येक जोडीपुढे पाच काळे, बारा पांढरे गोळे आणि सोळा काड्या ठेवायच्या. अट एकच: सगळं वापरून एकच रेणू करा, एकही भोक रिकामं ठेवू नका. सगळ्यांचं झालं की रेणू मधल्या टेबलावर आणायला लावते आणि ‘एकसारखे एका ढिगात’ एवढंच म्हणते. खरा तास इथे सुरू होतो.

एका वर्षी एका मुलाने आपला रेणू घोड्याच्या नालेसारखा वाकवून आणला आणि तो कुठल्याच ढिगात ठेवेना. सरळ साखळीच्या ढिगाकडे बोट केलं तर म्हणाला, ‘मॅडम, ती लांब आहे, माझी गोल आहे.’ मी त्याला सांगितलं, दोन्ही टोकं धर आणि काडी न उपसता जमेल तेवढं फिरव. त्याने मधला बंध पिळला, काडी भोकात करकरली, नाल उलगडली आणि नागमोडी साखळी झाली. त्याने ती पुन्हा वाकवली, पुन्हा उलगडली, आणि काही न बोलता त्या ढिगात ठेवून दिली.

माझी सगळी शिकवण या एका कसोटीवर उभी आहे: काडी न उपसता एकाचा दुसरा होत असेल तर संयुग एकच. काडी उपसून दुसरीकडे खोचावी लागली तर समघटक. कार्बन-कार्बन एकेरी बंधाभोवती रेणू फिरत असतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. ढिगांची छाननी झाली की उरतात तीन. कधी एखादा ढीग कुणी बनवलेलाच नसतो, बहुधा निओपेंटेनचा. तो आपण बनवून देऊ नये. ‘अजून एक आहे’ म्हणावं आणि थांबावं.

तिन्ही रेणू हातात असतानाच उत्कलनबिंदू सांगा: सरळ पेंटेन ३६ अंश सेल्सिअस, आयसोपेंटेन (एक फांदी असलेलं) २८ च्या आसपास, निओपेंटेन साधारण ९.५. निओपेंटेन मुठीत घ्यायला लावा, मग सरळ साखळी. एक गोळ्यासारखा आटोपशीर, दुसरी मुठीबाहेर डोकावणारी. शेजारच्या रेणूला टेकायला गोळ्याकडे जागा कमी, म्हणून आकर्षण कमी, म्हणून तो लवकर उकळतो. २० अंशांना बाकीचे दोघे द्रव असतात आणि हा वायू, यावर वर्गात नेहमी क्षणभर शांतता होते.

पुढचं हेक्सेन, सहा कार्बनचं. त्याला संचातले पांढरे गोळे पुरत नाहीत. फक्त काळे गोळे वापरा, रिकामं भोक म्हणजे हायड्रोजन. इथे मुलं आपणहून एक युक्ती काढतात: प्रत्येक कार्बनला किती कार्बन चिकटलेत ते मोजायचं. पेंटेनला ती चोख चालते. हेक्सेनला मात्र २-मिथिलपेंटेन आणि ३-मिथिलपेंटेन या दोघांचीही मोजणी एकच येते. युक्ती फसली की मग विचारा, तीन शेजारी असलेल्या कार्बनचे शेजारी कोण? एकात दोन शेजारी टोकाचे आहेत, दुसऱ्यात एकच. पाचही समघटक मिळाले की नामकरणाकडे वळा, त्याआधी नाही. ‘२-एथिलप्रोपेन’ असं कुणी म्हणालं तर सांगा, टोकापासून बोट फिरवत सर्वांत लांब वाट शोध. बोट चार कार्बनांवरून जातं आणि नाव २-मिथिलब्युटेन निघतं.

अल्केनमध्ये, म्हणजे फक्त एकेरी बंधांच्या अशा हायड्रोकार्बनमध्ये, हेक्सेनवरच थांबा. हेप्टेनचे (सात कार्बन) रचना समघटक नऊ. पण ३-मिथिलहेक्सेन बनवताना दोन मुलांचे रेणू एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब निघू शकतात आणि कितीही पिळले तरी जुळत नाहीत. कसोटी लावणारा हुशार मुलगा त्यांना वेगळे म्हणेल, आणि ते वेगळे आहेतच. फक्त अणूंच्या जोडणीचा क्रम तोच असल्यामुळे ते रचना समघटक नाहीत. २-ब्युटेनॉल हे अल्कोहोलही हीच अडचण आणतं. म्हणून चार कार्बन, दहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन देऊन सात समघटक (चार अल्कोहोल, तीन ईथर) शोधायला लावण्याआधी आपण स्वतः २-ब्युटेनॉलचे ते दोन्ही आरसारेणू करून बघा. २-ब्युटीनमध्येही दुहेरी बंध फिरत नाही, तिथे सिस (दोन्ही टोकं एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) समोर येतात. असं काही वर्गात निघालं तर ‘हे पुढे येईल’ म्हणून झटकू नका. ते दोन रेणू जसेच्या तसे कपाटात ठेवा, त्रिमितीय समघटकतेच्या (जोडणी तीच, अवकाशातली मांडणी वेगळी) पहिल्या तासाला तेच बाहेर काढा, आणि बनवणाऱ्या मुलालाच उभं करा.