टीबीच्या चिप टेस्टसाठी बेडका नीट कसा द्यायचा

दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, असं असेल तर मेडिकलवरून सिरपच्या बाटल्या आणत बसू नका भो, सरकारी दवाखान्यात जाऊन सरळ विचारा ट्रूनॅट, म्हणजे टीबीची चिप टेस्ट, होते का. तिथं नसली तर बेडक्याची डबी पुढे पाठवतात, पैसे लागत नाहीत.

मशीन गोव्याच्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवरपण चालतं, म्हणून नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे लाइट गेली तरी काम अडत नाही. बेडक्यातून डीएनए काढतात, त्यातलं फक्त 6 मायक्रोलिटर छोट्याशा चिपवर जातं, जंतू असला तर त्याच्या डीएनएच्या कॉप्या वाढतात आणि चमक वाढते ती मशीन पकडतं, तासाभरात रिपोर्ट. मायक्रोस्कोपखाली दिसायला एका मिलीत 5 ते 10 हजार जंतू लागतात, ह्या टेस्टला शंभरेक पुरतात. पॉझिटिव्ह आलं की दुसरी चिप लावून टीबीची मुख्य गोळी रिफाम्पिसिन लागू पडेल का तेही बघतात.

पण डबीत नुसती लाळ गेली तर भारीतली भारी चिप काय करणार?

सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आत, साध्या पाण्याने चूळ भरा, तंबाखू-मिसरी नको. घरात नाही, बाहेर मोकळ्यावर, लेकरांपासून लांब. दोनदा खोल श्वास घेऊन सोडा, तिसऱ्यांदा छातीतून जोरात खोका आणि जे घट्ट पिवळट येईल ते डबीत, निदान 2 मिली. येत नसेल तर थोडं थांबून परत करा, घाई नको. झाकण घट्ट लावा, नाव झाकणावर नको, डबीवर लिहा (झाकणं अदलाबदल होतात हो). आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन माहितीच आहे, डबी गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, त्याच दिवशी पोचवा.

आधी टीबी झालेला असेल तर सांगाच, मेलेल्या जंतूचा डीएनएपण चिपवर दिसू शकतो. मानेला गाठ असेल तर बेडक्यात काही सापडेलच असं नाही, डॉक्टर गाठीतून सुईने सॅम्पल घेतात. निगेटिव्ह येऊनही खोकला जात नसेल तर एक्स-रे काढायला सांगा.

पॉझिटिव्ह निघाला तर आधार-पासबुक द्या, सरकारच्या नि-क्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते. आणि ऊसतोडीला नाहीतर सुरतला जायचं असेल तर नि-क्षय आयडी (टीबी पेशंटचा सरकारी नोंदणी नंबर) लिहून घ्या, त्यावर तिकडच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू ठेवता येतात.