पिन ट्रेडिंगमध्ये खोट्या पिना: या चुका टाळा

‘पन्नास पिना, एकही डबल नाही, घरपोच.’ अशी जाहिरात दिसली की नव्या हौशी माणसाला राहवत नाही. पिन ट्रेडिंग म्हणजे डिस्नेच्या पार्कांमधून सुरू झालेली, कपड्याला टोचायच्या रंगीत धातूच्या बिल्ल्यांची अदलाबदल. मलाही राहवलं नव्हतं. पाकीट फोडून पिना टेबलावर ओतल्या, तेव्हा पहिली काही मिनिटं दिवाळीच होती. मग एका मिकीवर उजेड तिरपा पडला आणि त्याच्या लाल चड्डीतला रंग मधोमध खचलेला दिसला. कानाच्या कडेवरून बोट फिरवलं तर ती करवतीसारखी लागली. त्यानंतर एकेक पिन उलटीपालटी करून बघत बसलो आणि दिवाळी संपली.

स्वस्त लॉट घेणं

ही पहिली चूक आणि बाकीच्या बहुतेक चुकांचं मूळ. पिन बनते ती साच्यातून. धातूवर ठसा उमटवायचा, मुलामा द्यायचा, खाचांमध्ये रंग भरायचा, भाजायचं. साचा एकदा तयार झाला की ऑर्डर संपल्यावरही त्यातून माल काढता येतो. असा चोरून काढलेला जादा माल आणि तपासणीत नापास झालेल्या पिना, दोन्ही मागच्या दाराने बाहेर पडतात. ट्रेडिंगवाले त्यांना ‘स्क्रॅपर’ म्हणतात. शिवाय खऱ्या पिनेवरून नवा साचा पाडून केलेल्या सरळसरळ नकला असतात, त्या वेगळ्याच. लॉट विकणाऱ्याला इतक्या वेगवेगळ्या पिना इतक्या स्वस्तात कुठून मिळाल्या, एवढा एकच प्रश्न विकत घेण्याआधी स्वतःला विचारा.

‘गेली एक खोटी, काय बिघडलं?’ असं समजणं

इथे जरा थांबतो, कारण या छंदाला खरी कीड इथूनच लागते. अमेरिकेतल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या थीम पार्कमध्ये १९९९ साली पिन ट्रेडिंग सुरू झालं, ते साध्या भरवशावर. पार्कातल्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात लॅन्यार्ड म्हणजे पट्टा, त्यावर पिना. तुम्ही एक द्यायची, एक घ्यायची. तुमची दुर्मीळ आहे की साधी, हे कुणी विचारत नाही, पिनेला पिन. पण कुणी पिशवीभर स्क्रॅपर घेऊन आला, तर प्रत्येक अदलाबदलीत एक खरी पिन त्याच्या घरी जाते आणि एक खोटी लॅन्यार्डवर राहते. खोटं नाणं खऱ्याला बाजारातून हुसकावतं म्हणतात, ते इथे डोळ्यांनी दिसतं. दुकानातून पूर्ण किंमत देऊन घेतलेली पिन मग लॅन्यार्डच्या बदल्यात द्यायला कोण धजेल? आणि खोटी पिन हाती येते ती बहुतेकदा नव्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या.

लिमिटेड एडिशनचं दुखणं आणखी वेगळं. पाठीवर, समजा, ५०० चा आकडा असतो, म्हणजे तेवढ्याच पिना काढल्या, आणि त्या आकड्यावरच तिची किंमत ठरते. तीच पिन साच्यातून हवी तेवढी निघू लागली की तो आकडा नुसता नक्षीपुरता उरतो. ज्याने खरी घेतली, त्याच्याही पिनेकडे लोक संशयाने बघायला लागतात.

एकाच खुणेवर निकाल देणं

नवखे पाठ बघतात, शिक्का दिसला की निर्धास्त होतात. शिक्का साच्यातच असतो, त्यामुळे स्क्रॅपरवरही तो उमटतो. बऱ्याच डिस्ने पिनांच्या पाठीवर बारीक मिकींची जाळी असते. ती कडेपर्यंत जाते का, अक्षरं पुसट आहेत का, खिळ्याशेजारचे छोटे उंचवटे जागेवर आहेत का, हे बघा. मग समोरून रंग: एका खाचेतून दुसरीत सांडलाय का, खळगे आहेत का, छटा खऱ्या पिनेच्या फोटोशी जुळते का. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तरच संशय धरा. चुंबकाला चिकटते का बघून खरं-खोटं ठरवायची चाचणी मी तरी सोडून दिली आहे; खऱ्या पिनाही पितळ, लोखंड, जस्ताचा मिश्रधातू अशा वेगवेगळ्या धातूंच्या असतात.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. सुरुवातीच्या वर्षांतल्या पिनांवर ती जाळी नसते. सपाट पाठ दिसली म्हणून समोरच्याला चारचौघांत खोटारडा ठरवू नका. संशय आला तर ‘ही नको, दुसरी बघू’ एवढं पुरतं.

पार्कातून मिळाली म्हणजे खरीच, असं धरून चालणं

दुकानातल्या कार्डावरची पिन आणि लॅन्यार्डवरची पिन यांत फरक आहे. लॅन्यार्डवरची आदल्या पाहुण्याने दिलेली असू शकते. कर्मचाऱ्याने तुम्हाला फसवलेलं नसतं, त्याच्याकडे ती तशीच आलेली असते.

फोटोवरून ट्रेड करणार असाल तर पाठीचा फोटो मागा, तोही त्याच पिनेचा. टाळाटाळ झाली तर विषय सोडा.

खोटी निघाली, आता काय?

विकत घेतली असेल तर फोटो काढून लगेच पैसे परत मागा. ट्रेडमध्ये आली असेल तर पुढे ढकलायचा मोह होतो, मलाही झाला होता. माझ्या त्या लॉटमधल्या संशयित पिना आता एका डब्यात आहेत, प्रत्येकीच्या पाठीवर पक्क्या मार्करने फुली. मुलांना हव्या असतील तर दप्तराला लावायला द्या, पण फुली आधी मारा. दप्तरावरची पिनही एखाद दिवशी कुणीतरी बदलून मागतंच.