एआयआरई जनुकाचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि पुढे काय तपासायचं

लहानपणापासून तोंडात हटता न हटणारी कँडिडाची बुरशी, पॅराथायरॉइड ग्रंथी बंद पडल्याने घसरलेलं कॅल्शियम आणि अ‍ॅडिसनचा आजार, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होणं. या तीनपैकी कुठल्याही दोन गोष्टी एका रुग्णात दिसल्या की एपीएस-१ (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते असा आनुवंशिक आजार) याचं निदान धरलं जातं. सख्ख्या भावंडाला हा आजार असेल तर एकच लक्षण पुरतं. अशा वेळी एआयआरई जनुकाची तपासणी मागवतात. रिपोर्ट नीट कळायचा असेल तर हे जनुक थायमसमध्ये, म्हणजे छातीतल्या टी-पेशी (संरक्षक पांढऱ्या पेशी) घडवणाऱ्या ग्रंथीत, काय करतं ते आधी डोक्यात पक्कं हवं.

थायमसच्या आतल्या भागाला मेड्युला म्हणतात. तिथल्या अस्तरपेशी इन्सुलिन, थायरोग्लोब्युलिन, डोळ्याच्या पडद्यातली प्रथिनं असा परक्या अवयवांचा माल थोडा थोडा तयार करतात. तो घडवून आणणारं मुख्य प्रथिन म्हणजे एआयआरई. त्याचा पीएचडी-१ हा भाग हिस्टोन एच-३ (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन) वरच्या चौथ्या लायसिनला मिथाइल खूण नसलेली जागा, म्हणजे झोपलेलं जनुक, ओळखून तिथे बसतो. मग अडून राहिलेला आरएनए पॉलिमरेज, म्हणजे जनुकाची नक्कल उतरवणारं यंत्र, पुढे सरकतो. एकच पेशी सगळं दाखवत नाही. एखादं प्रथिन साधारण १ ते ३ टक्के पेशींतच दिसतं, म्हणून नव्या टी-पेशींना मेड्युलात काही दिवस फिरून बऱ्याच पेशी तपासाव्या लागतात. स्वतःच्या प्रथिनाला घट्ट चिकटणारी टी-पेशी तिथेच मरते किंवा नियामक टी-पेशी बनते. एआयआरई नसेल तर ती सुटून रक्तात येते आणि पुढे त्याच अवयवावर तुटून पडते.

रिपोर्टमध्ये पहिल्यांदा काय बघायचं

जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष आहे का, ते. नेहमीचा एपीएस-१ अप्रभावी पद्धतीने, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यावरच, येतो. दोन वेगवेगळे बदल सापडले तर ते दोन वेगळ्या प्रतींवर आहेत की एकाच प्रतीवर, हे आई-वडिलांची तपासणी केल्याशिवाय ठरत नाही. हीच पायरी सर्रास गाळली जाते. लक्षणं ठसठशीत असून एकच बदल मिळाला, तर एमएलपीए (जनुकाचे तुकडे गळालेत का ते मोजणारी) तपासणी मागा. मोठा तुकडा गळालेला असेल तर साध्या सिक्वेन्सिंगला तो दिसत नाही.

त्यानंतर बदल कुठे आहे ते बघा. ५४५ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात २५७ व्या जागी आर्जिनिनऐवजी ‘थांबा’चा संकेत आला की पुढचं प्रथिनच बनत नाही. फिनलंडमध्ये हा बदल सर्वाधिक आढळतो. पीएचडी-१ मधले काही बदल मात्र वेगळे वागतात. एआयआरईचे रेणू गटाने काम करतात, त्यामुळे एका प्रतीतून आलेला बिघडलेला रेणू चांगल्यांचंही काम अडवतो. अशा कुटुंबांत एकाच प्रतीतल्या दोषाने आजार होतो, पण तो उशिरा आणि सौम्य येतो आणि दोष असलेल्या प्रत्येकाला होतोच असं नाही. ‘एकच प्रत बिघडलीय, म्हणजे फक्त वाहक’ असं छापील उत्तर इथे देऊ नका.

रक्तातल्या पेशींत एआयआरईचा आरएनए मोजून काही हाती लागत नाही, कारण हे जनुक प्रामुख्याने थायमसमध्ये चालतं. थायमसचा तुकडा काढण्याचंही कारण नाही. त्यातला बिघाड रक्तात वाचता येतो: इंटरफेरॉन-ओमेगा आणि इंटरफेरॉन-अल्फा (विषाणूंशी लढणारी शरीराची प्रथिनं) यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं मागवा. दोन्ही प्रती बिघडलेल्या जवळपास सर्व रुग्णांत ती सापडतात, बऱ्याचदा ग्रंथी बिघडण्याच्या आधीच. पीएचडी-१ च्या सौम्य प्रकारात ती नसूही शकतात. उलट थायमोमात (थायमसच्या गाठीत) आणि काही वयस्कर माणसांतही ती आढळतात, त्यामुळे निव्वळ त्यांच्यावरून निदान करू नये.

पाठपुरावा आणि नेहमी होणाऱ्या चुका

दर सहा महिन्यांनी कॅल्शियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, साखर, यकृताच्या चाचण्या, सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनलचं संप्रेरक), एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला चालना देणारं संप्रेरक) आणि रेनिन बघा. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) डेसिलीटरमागे ४ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमी असलेल्या दर ग्रॅममागे एकूण कॅल्शियममध्ये डेसिलीटरमागे ०.८ मिलिग्रॅम मिळवून वाचा. २१-हायड्रॉक्सिलेज या अ‍ॅड्रिनलमधल्या एन्झाइमविरुद्धची प्रतिपिंडं दिसली तर अ‍ॅड्रिनल अजून चालू असली तरी धोका मोठा आहे. कॉर्टिसॉलबद्दल शंका असेल तर २५० मायक्रोग्रॅम टेट्राकोसॅक्टाइड (कृत्रिम एसीटीएच) देऊन चाचणी करा.

औषधांचा क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं. कॉर्टिसॉल न तपासता थायरॉक्सिन (थायरॉइडचं संप्रेरक) सुरू केलं, तर दबून असलेला अ‍ॅडिसन एकदम उफाळतो. बुरशीसाठीचं केटोकोनाझोल स्वतःच कॉर्टिसॉल बनू देत नाही. अजून एक सापळा आहे. कॉर्टिसॉल कमी पडलं की कॅल्शियम वर सरकतं आणि पॅराथायरॉइडचा आजार झाकला जातो, मग स्टेरॉइड दिल्यावर कॅल्शियम कोसळतं. म्हणून स्टेरॉइड सुरू करताना सुरुवातीचे काही दिवस कॅल्शियम पुन्हा पुन्हा मोजा.

तोंडातली बुरशी ‘किरकोळ’ म्हणून सोडू नका. वर्षानुवर्षं राहिलेल्या बुरशीतून तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, आणि अझोल गटाची औषधं फार काळ दिली तर बुरशी त्यांना जुमानेनाशी होते. दर भेटीत जीभ उचलून, गाल ताणून आत बघा. डोळे लाल होऊन उजेड सहन होत नसेल तर कॉर्नियाची सूज समजून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा.

प्लीहा काम करते का, हेही बघायला हवं. रक्ताच्या स्लाइडवर हॉवेल-जॉली कण (प्लीहा काम करत नसल्यास लाल पेशींत उरणारे ठिपके) दिसले तर सोनोग्राफी करा आणि न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिब या जिवाणूंविरुद्धच्या लसी पूर्ण करून घ्या. इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडं असलेल्यांना पीतज्वराची जिवंत लस टाळावी, कारण लसीतला विषाणू रोखायला लागणारं पहिलं हत्यारच त्यांच्याकडे बोथट असतं. कोविडमध्येही अशांचा न्यूमोनिया गंभीर होण्याची शक्यता जास्त.

दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक भावंडाला आजाराची शक्यता २५ टक्के. निरोगी दिसणाऱ्या भावंडांचीही जनुक तपासणी आणि कॅल्शियम-कॉर्टिसॉल याच भेटीत उरकून घ्या. कॅल्शियम कोसळून आलेला पहिला झटका हेच कित्येकदा घरात आजार असल्याचं पहिलं लक्षण ठरतं.