नवीन घराची ओसाड बाग: आधी झाडं ओळखा, मग कोयता हातात घ्या

घराचा ताबा मिळाला आणि अंगणात बघितलं तर कमरेएवढं गवत, वाळक्या काटक्या, फुटक्या कुंड्या, की लगेच वाटतं माणूस लावून सगळं साफ करून टाकू. प्लीज असं करू नका! उन्हाळ्यात तर अजिबातच नको, आपल्याकडचं बरंच काही तेव्हा जमिनीखाली झोपलेलं असतं. भुईचाफ्याचं तर फूलच आधी येतं, पान नाही दांडा नाही, थेट मातीतून जांभळट पांढरं फूल. मे फ्लॉवर, हळद, निशिगंध, सगळ्यांचे कंद खालीच असतात, कुदळ मारली की गेले. म्हणून वळवाचे एक-दोन पाऊस होऊ द्या, कोंब दिसला की शेजारी काठी रोवा आणि फोटो काढून ठेवा.

तोवर फक्त गाजर गवत काढा, फुलायच्या आधी, मुळासकट, आणि हातमोजे घालूनच, कारण त्याने अंगाला खाज येते, काहींना दम्याचाही त्रास होतो.

मग वाळलेल्या झाडांकडे वळा. फांदीची साल नखाने हलकेच खरवडा, आत हिरवं ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी कोरडं लागलं तर थोडं खाली खरवडा, असं करत बुंध्यापर्यंत या, बऱ्याचदा खाली हिरवं सापडतंच. पांढरा चाफा तर थंडीत पानं गाळून नुसता खराटा होतो, लोक मेला समजून तोडतात, फार वाईट वाटतं बघून. नाव कळत नसेल तर पान चुरगळून वास घ्या, लिंबू आणि कढीपत्ता लगेच कळतात, नाहीतर शेजारच्या काकूंना विचारा, त्यांनी ती बाग फुललेली बघितलेली असते.

आता पाणी. माती तडकली असेल तर पाणी भेगांतून नुसतं निघून जातं, त्यामुळे आधी वरची माती खुरप्याने मोकळी करा, फांद्यांच्या घेराएवढं आळं करा, सावकाश भरा आणि वर पालापाचोळा टाका. खत लगेच नको, नवीन फूट दिसल्यावर शेणखत द्या.

छाटणीत मेलेलं लाकूड आधी काढा. मोगरा थंडी सरताना छाटा, उन्हाळ्यात मस्त फुलतो. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा मिलीबग असेल तर त्या फांद्या कापून घराबाहेर टाका, बाकीच्यांवर लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा. कलमी गुलाबाला डोळ्याच्या, म्हणजे कलम जोडलेल्या जागेच्या, खालून जोमदार फुटवे आलेले दिसतील, त्यांचा मोह नको, ते खालच्या जंगली खुंटाचे असतात आणि वरच्या गुलाबाचं सगळं बळ खातात, बुडापासून काढा.