छपाईसाठी वर्ड प्रोसेसरमध्ये मजकूर फिरवताना

भेटकार्ड, टेबलावर उभी ठेवायची नामपट्टी किंवा फाइलच्या कण्यावरचे शीर्षक करताना काही मजकूर उभा, तर काही चक्क उलटा छापावा लागतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये परिच्छेदातील ओळ जागच्या जागी हव्या त्या कोनात वळवता येत नाही. वळवायचा असतो तो मजकूर ज्यात ठेवला आहे तो टेक्स्ट बॉक्स. लिब्रेऑफिस रायटरमध्ये निवडलेली अक्षरे ९० किंवा २७० अंशांत फिरवण्याची सोय कॅरेक्टरच्या पोझिशन या टॅबमध्ये आहे, परंतु मधले कोन तिथेही मिळत नाहीत.

कोणता मजकूर किती फिरवायचा, हे संगणकापुढे बसण्याआधी कोऱ्या कागदावर ठरवावे. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. तो उभा धरून वरचा अर्धा भाग मागे दुमडला आणि मग उभी घडी घातली, की १०५ × १४८.५ मिलिमीटरचे कार्ड होते. घडी घातलेल्या स्थितीतच पानांवर क्रमांक लिहून कागद उलगडला, तर वरच्या अर्ध्या भागातील क्रमांक उलटे दिसतात. म्हणजे एकाच बाजूला छापायच्या या कार्डात आतला मजकूर १८० अंशांत फिरवावा लागेल. नामपट्टीच्या मागच्या बाजूचेही तसेच आहे.

वर्डमध्ये इन्सर्ट टॅबवरून टेक्स्ट बॉक्स घ्यावा आणि मजकूर आधी सरळ स्थितीतच टाइप करून तपासावा, कारण उलट्या मजकुरातील राहून गेलेली वेलांटी सहसा डोळ्यांना दिसत नाही. नंतर बॉक्सच्या वरचा गोल बाण ओढावा. शिफ्ट दाबून ओढल्यास बॉक्स १५-१५ अंशांनी फिरतो. मात्र घडीच्या कामात अंदाज चालत नाही, म्हणून शेप फॉरमॅटमधील रोटेटच्या अधिक पर्यायांत जाऊन कोनाचा आकडा लिहिणे मला अधिक खात्रीचे वाटते. शेवटी बॉक्सची चौकट आणि भरलेला रंग काढून टाकावा. जुन्या डॉक स्वरूपातील फाइलमध्ये बॉक्स फिरूनही मजकूर सरळच राहिला, तर ती फाइल डॉकएक्स स्वरूपात रूपांतरित करून घ्यावी.

तक्त्यातील अरुंद स्तंभांच्या शीर्षकांसाठी वेगळा बॉक्स लागत नाही. घर निवडून लेआउट टॅबवरील टेक्स्ट डायरेक्शनवर क्लिक करत राहिल्यास मजकुराची दिशा बदलत जाते. ओळीची उंची तेवढी वाढवावी लागते.

कापडावर इस्त्रीने उमटवायच्या मजकुराची गोष्ट निराळी आहे. तिथे १८० अंश फिरवून उपयोग नाही, आरशातील प्रतिमा हवी असते, आणि बॉक्स आडवा फ्लिप केला तरी अक्षरे उलटत नाहीत. त्यासाठी फॉरमॅट शेपच्या इफेक्ट्समध्ये थ्री-डी रोटेशन उघडून एक्स अक्षाचा कोन १८० करावा. बॉक्स रंगाने भरलेला दिसू लागला, तर नो फिल निवडावे. अनेक प्रिंटरांच्या सेटिंगमध्येही आरसा-प्रतिमेचा पर्याय असतो. तो वापरायचा असेल, तर वर्डमधील मजकूर सरळच ठेवावा, कारण दोन्हीकडे उलटवलेली अक्षरे कागदावर पुन्हा सुलटी उमटतात.